फाटलेला खर्ज

‘आवाज फाटतोय’ एवढेच सांगून बेस गिटारवाला समोर उभा राहतो आणि दुरुस्तीला बसलेल्या माणसाची परीक्षा तिथूनच सुरू होते. आपल्या भाषेत फाटणे हे क्रियापद फार उदार आहे. दूध फाटते, धोतर फाटते, चढा सूर लावताना गळा फाटतो. शब्द एक, घडणाऱ्या गोष्टी तीन. ॲम्पच्या बाबतीतही तेच. एकाच्या मनात जोरकस ठोक्यासरशी उठणारी भर्र असते. दुसऱ्याला ठोका स्वच्छ ऐकू येतो, पण सूर विझत जाताना त्याच्या शेपटाला खरखर लागते. तिसऱ्याची तक्रार एका सुरापुरती असते: तेवढा वाजवला की कुठेतरी काहीतरी झणझणते. चौथ्याच्या केबलला पाय लागला की कडकड होते. हे चार वेगळे आजार आहेत. त्यांतल्या एकाचा तरी ॲम्पशी काडीचाही संबंध नसतो. पण चौघांच्याही चिठ्ठीवर लिहिलेले असते ते ‘आवाज फाटतो’ एवढेच.

ते वाक्य उलगडणे हाच या पुस्तकाचा विषय. ॲम्पचे सर्किट कसे वाचावे, सोल्डरिंग कसे करावे हे शिकवणारी पुस्तके वेगळी आणि ती वाचायलाच हवीत. इथे आपण त्याच्या अलीकडे थांबणार आहोत, पेटीचे स्क्रू अजून जागच्या जागी आहेत आणि हातात फक्त गिटार आणि कान आहेत अशा ठिकाणी. इतकी वर्षे हे काम करून माझे एक मत बनले आहे. बेसचा आवाज नको तिथे फाटतो तेव्हा बहुतेक वेळा काहीही मोडलेले नसते. साखळीतल्या एखाद्या कडीकडे तिला न झेपणारे काहीतरी मागितलेले असते. ते कोणी मागितले आणि कोणत्या कडीने हात टेकले, एवढे कळले की निदान झाले.

आधी एक भेद. ट्रेबलचे बटण खाली आणले तर आवाजाचा रंग बदलतो, पण त्यात नवे काही शिरत नाही. होते त्यातलेच काही घटते. आवाज फाटतो तेव्हा मात्र आत गेलेल्या आवाजात नसलेली कंपने बाहेर पडताना सोबत येतात. चार तारांच्या बेसची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की तिचे मूळ कंपन सेकंदाला ४१.२ वेळा होते. पाच तारांच्या बेसवर खालची बी ३०.९ हर्ट्झपर्यंत उतरते. समजा अशी एक शुद्ध लाट ॲम्पमध्ये गेली आणि ॲम्पची उंची अपुरी पडली. लाटेचे माथे आणि तळ सपाट कापले जातात. दोन्ही बाजू सारख्याच कापल्या गेल्या तर मूळ कंपनाच्या तिप्पट, पाचपट, सातपट अशी विषम पटींची कंपने नव्याने उभी राहतात. तंबोऱ्याजवळ बसलेल्या वाचकाला ही मंडळी ओळखीची वाटतील. मूळ सूर षड्ज धरला तर तिप्पट म्हणजे वरच्या सप्तकातला पंचम, पाचपट म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार, खर्जाच्या तारेतून न लावता ऐकू येणारा तोच स्वयंभू गंधार. सातपट म्हणजे आपल्या कोमल निषादाहून थोडा उतरलेला सूर. फाटलेला आवाज म्हणजे निव्वळ गोंगाट, ही समजूत इथेच सोडून द्यावी. त्यालाही त्याचे व्याकरण आहे.

तंबोऱ्याचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवरच्या लेखात एक विलक्षण गोष्ट मांडली. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो, तो उपस्वर नियमाने उमटायला नको. तंबोऱ्यात तो उमटतो, आणि याचे कारण रुंद, किंचित फुगीर घोडी व तिच्यावर सरकवलेला दोरा. तार प्रत्येक फेरीत घोडीला हलकेच टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्या टेकण्यासुटण्यातून उपस्वरांचा तो झणत्कार निर्माण होतो. मिरजेचे कारागीर घोडी घासघासून जवारी काढतात ती याचसाठी. म्हणजे तारेने खालच्या वस्तूला घासणे हा तंबोऱ्याचा प्राण, आणि बेसची तार फ्रेटला घासली की मात्र आपण नाक मुरडतो. दोन्हींत भौतिकशास्त्र जवळजवळ तेच आहे. ‘नको असलेली’ हे विशेषण कोण लावतो, एवढाच फरक.

या विशेषणाचा इतिहास बेसच्या बाबतीत तर मोठा गमतीचा आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या जोडीला बेसमन नावाचा ॲम्प. सुरुवातीला त्यात एकच पंधरा इंची स्पीकर होता. दशकाच्या मध्यावर चार दहा इंची स्पीकरांचा बेसमन आला, आणि तो बेसवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनाच जास्त भावला, कारण आवाज वाढवला की तो देखणा फाटायचा. लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शलच्या दुकानात १९६२ साली पहिला मार्शल ॲम्प बांधला गेला तो याच सर्किटवर बेतलेला. रॉक संगीताची ती प्रसिद्ध गर्जना एका बेसच्या ॲम्पच्या उणिवेतून निघाली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

दुसऱ्या टोकाला एव्हरेट हल उभा आहे. तो स्वतः उभा डबल बेस वाजवायचा. त्या वाद्याचा जमिनीवर टेकणारा दांडा म्हणजे पेग. त्यात मायक्रोफोन बसवण्याची युक्ती त्याने काढली आणि ‘ॲम्प्लिफाइड पेग’वरून कंपनीचे नाव पडले ॲम्पेग. हलला रॉक अँड रोलही आवडत नसे आणि फाटलेला आवाजही. १९६० च्या बी-१५ ॲम्पचा गोल, मऊ आवाज म्हणजे त्याच्या आवडीनिवडीचे लाकडी रूप. पण त्याने कंपनी विकल्यावर, १९६९ मध्ये, त्याच नावाखाली ३०० वॅटचा व्हॉल्व्हवर चालणारा एसव्हीटी आला, रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात वाजला, आणि रॉकचा बेस म्हणून जगाच्या कानात बसला. त्याच्या सोबतच्या पेटीत दहा इंची आठ स्पीकर असतात. हा आकडा लक्षात ठेवा. एकच मोठा स्पीकर का नाही, याचे उत्तर पुढे येईल.

या सगळ्यांहून मला प्रिय आहे ती नॅशव्हिलची गोष्ट. मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होता. मिक्सरच्या ज्या चॅनलमधून तो जात होता, त्यातला ट्रान्सफॉर्मर नेमका बिघडलेला. ऐन मधल्या तुकड्यात बेस गाढवासारखा ओरडला. तो तुकडा तसाच ठेवला गेला, १९६१ मध्ये गाणे गाजले, आणि लोक विचारू लागले की हा आवाज काढला कसा. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी याने मग तोच बिघाड ट्रान्झिस्टर वापरून मुद्दाम घडवणारे सर्किट तयार केले. १९६२ चे मेस्ट्रो फझ-टोन पेडल ते हेच. एका बेसच्या तक्रारीतून एक अख्खा धंदा उभा राहिला. माझ्याकडे असा ट्रान्सफॉर्मर आला असता तर मी तो बदलून, पावती फाडून मोकळा झालो असतो.

आता साखळीकडे. तार, पिकअप, गिटारच्या पोटातला प्रीॲम्प असेल तर तो, केबल, पेडले, ॲम्पमधला प्रीॲम्प, पॉवर ॲम्प, स्पीकरची केबल, स्पीकर, पेटी, खोली, आणि शेवटी कान. नवशिका माणूस यातल्या सर्वांत महागड्या कडीवर आधी संशय घेतो. अनुभवी माणूस साखळी निम्म्यात तोडतो. बहुतेक बेस ॲम्पच्या मागे इफेक्ट्ससाठी सेंड आणि रिटर्न अशी दोन छिद्रे असतात; निदानाच्या दृष्टीने ती ॲम्पच्या बरोबर मधोमध ठेवलेली खिडकी आहे. फोनमधले गाणे रिटर्नमध्ये सोडा. स्वच्छ वाजले तर पॉवर ॲम्प आणि स्पीकर निर्दोष, दोष अलीकडे. फाटले तर पलीकडे. एका मिनिटात अर्धी साखळी सुटली. उरलेल्या अर्ध्या भागाचे पुन्हा दोन भाग करायचे. ज्याला हे जमले त्याला या पुस्तकाची निम्मी प्रकरणे चाळून सोडली तरी चालतील.

त्या छिद्रांची आणखी एक खोड सांगतो. त्यांत काही खोचलेले नसते तेव्हा सिग्नल आतल्या दोन बारीक पत्र्यांच्या स्पर्शावरून पुढे जातो. मुंबई, रत्नागिरी, पणजी अशा खाऱ्या, दमट हवेत या पत्र्यांवर गंज धरतो आणि महिनोन्‌महिने हात न लागलेला ॲम्प एक दिवस खरखरू लागतो, मधूनच आवाज दबतो, बटणावर थाप मारली की पुन्हा उघडतो. सेंडमधून रिटर्नमध्ये एक छोटी केबल जोडून पाहा. आवाज लख्ख झाला तर आजार सापडला. पत्रे साफ केले की झाले. या एका दोषापायी चांगले व्हॉल्व्ह बदललेले मी पाहिले आहेत. एकदा तर बदलणारा मीच होतो.

अलीकडच्या भागात पहिला आरोपी नऊ व्होल्टची बॅटरी. ॲक्टिव्ह बेसमध्ये पिकअपनंतर लगेच एक छोटा प्रीॲम्प असतो आणि त्याला मिळणारे आभाळ बॅटरीच्या व्होल्टेजएवढेच. बॅटरी उतरली की आभाळ खाली येते आणि जोरकस ठोके त्याला डोके आपटू लागतात. ॲम्पवरचे क्लिपचे लाल दिवे शांत असतात, कारण फाटून झालेलाच आवाज ॲम्पपर्यंत पोचतो. तो बिचारा जे आले ते इमानाने मोठे करतो. बहुतेक ॲक्टिव्ह गिटारांत केबल खोचली की बॅटरी सुरू होते. कार्यक्रमानंतर केबल तशीच ठेवून झोपणाऱ्याची बॅटरी रात्रभर जळत राहते, आणि दुसऱ्या दिवशी ॲम्पला शिव्या बसतात. नवी बॅटरी घालून पाहणे ही या शास्त्रातली सर्वांत स्वस्त चाचणी आहे, आणि माणसे ती सर्वांत शेवटी करतात.

बॅटरीच्याही आधी मात्र गिटार ॲम्पला न जोडता वाजवून पाहावी. वरच्या शिंगाला कान टेकला की तारेचा आवाज लाकडातून थेट येतो. तिथेच झणझण असेल तर ॲम्पला सोडून द्या. तार फ्रेटला घासते आहे. लाकडी मान हवेतल्या ओलाव्याप्रमाणे हलते, म्हणून वैशाखात व्यवस्थित लावलेली गिटार श्रावणात कुरकुरू शकते. पिकअप तारांच्या फार जवळ चढवलेला असेल तरी गडबड होते: त्याचे चुंबक जाड तारेला ओढते, सूर डगमगतो, आणि ऐकणारा त्यालाही फाटणेच म्हणतो.

प्रीॲम्पमधल्या गेनबद्दल सविस्तर प्रकरण पुढे आहे, इथे एकच गोष्ट. बेसचा ठोका आणि त्यामागून येणारा सूर यांच्या उंचीत फार तफावत असते. क्षणभराचा ठोका सुराच्या कितीतरी वर जातो. म्हणून गेन लावायची ती नेहमीच्या वाजवण्यावर नाही, सर्वांत जोरात मारलेल्या ठोक्यावर, आणि तोही उभे राहून, कार्यक्रमात मारता तसा. खुर्चीत बसून सभ्यपणे लावलेली गेन मंचावर हमखास फाटते.

आवाज कधी फाटतो, हा प्रश्नही फार कामाचा. पातळी संपल्यामुळे होणारे फाटणे ठोक्याला असते आणि सूर विझत गेला की नाहीसे होते. उलट सूर लहान होत जाताना खरखर अधिकाधिक उघडी पडत असेल तर संशयाची दिशा बदलते. पॉवर ॲम्पमधले दोन भाग लाटेचा वरचा आणि खालचा अर्धा आळीपाळीने उचलतात. त्यांचा बायस बिघडला तर हातात हात देताना मधे फट राहते. मोठ्या लाटेत ती फट बुजून जाते, लहान लाटेत तीच ऐकू येते. स्पीकरची व्हॉइस कॉइल चुंबकाच्या फटीत घासत असेल तरी हळू वाजवतानाच ती खरखर चांगली पकडता येते. सगळे बंद करून दोन्ही हातांची बोटे कोनवर समान टेकवून तो हलकेच आत दाबा आणि सोडा. वाळूवर पाय घसटल्यासारखे जाणवले तर कॉइल घासते आहे.

दोन सुरांची परीक्षाही करून पाहण्यासारखी आहे. एकच सूर फाटताना तो पंचम-गंधार सोबत घेऊन येतो, म्हणून गोडही लागू शकतो. दोन सूर एकत्र फाटले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही वाजू लागतात. मोकळी ए म्हणजे ५५ हर्ट्झ. जाड तारेच्या सातव्या फ्रेटवरची बी ६१.७. दोन्ही एकदम वाजवून साखळीत कुठेतरी कापले गेले की ४८.३ आणि ६८.४ हर्ट्झ असे सूर उठतात, जे कुठल्याच फ्रेटवर नाहीत. तो बेवारस घोळ एकदा कानाने टिपला की पुन्हा विसरत नाही. मात्र ए आणि बी यांच्यात सेकंदाला सहा-सात वेळा येणारी लहर नैसर्गिक असते; तिला दोष देऊ नये.

आता स्पीकर. इथे मी सर्वांत जास्त पाने खर्च केली आहेत आणि त्याबद्दल माफी मागणार नाही, कारण बेसचा खरा झगडा इथेच आहे. तोच आवाज, तितकाच मोठा, एक सप्तक खाली काढायचा असेल तर कोनला चौपट अंतर पुढेमागे जावे लागते. दोन सप्तके खाली गेलात तर सोळापट. अंतर तर संपते. कॉइल चुंबकाच्या फटीतून बाहेर डोकावू लागते, तिच्यावरची पकड सुटते, आणि कोन फडफडतो. हा आवाज एकदा ऐकलेला माणूस त्याला जे अशिष्ट नाव देतो ते इथे छापण्यासारखे नाही, पण ते अचूक आहे. पेटीला भोक असेल तर तिची एक ठरलेली कंपनसंख्या असते आणि तिच्या खाली कोनला आतल्या हवेचा आधार उरत नाही. वॅटची मर्यादा शिल्लक असतानाही तो वाटेल तसा हेलकावे खातो. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी पेटी आणि स्पीकर यांच्या या संसाराचे गणित मांडले. आठ लहान स्पीकर का, याचेही उत्तर यातच आहे: काम आठ जणांत वाटले की प्रत्येकाला थोडेच हलावे लागते.

आणि याच जागी बेसचे बटण येते. ते बारा डेसिबलने वर फिरवले की तेवढ्या पट्ट्यात ॲम्पकडे सुमारे सोळापट शक्ती मागितली जाते, पंधरा डेसिबलला बत्तीसपट. माणूस ते का फिरवतो, हेही समजून घ्यायला हवे. हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवले की हळू आवाजात आपले कान खर्जाला बहिरे असतात. तो मध्यम सुरांइतकाच मोठा वाटायला त्याला पुष्कळ अधिक जोर लागतो. घरी, शेजाऱ्यांचा मान राखून, हळू वाजवताना बेसचे बटण वर जाते आणि छान वाटते. तीच बटणे तशीच ठेवून शनिवारी मंचावर आवाज वाढवला की स्पीकर फडफडतो. कोणीही काहीही मोडलेले नाही. घरातल्या कानाने मंचावरच्या स्पीकरसाठी हिशोब केला, इतकेच. अशा वेळी मी बेस कमी करून मध्यम सूर थोडे वाढवायला सांगतो, तेव्हा माणसे अविश्वासाने पाहतात. बेस गिटारचा बेस कमी करायचा? पण कानाची आणखी एक मेहेरबानी आहे. ८२, १२४, १६५ हर्ट्झचे उपस्वर नीट पोचले तर ४१ चा मूळ सूर क्षीण असला तरी मेंदू तो भरून काढतो. आउगुस्ट झेबेक यांनी १८४१ मध्येच या अनुपस्थित पायाची गोष्ट काढली होती. लहानशा रेडिओवरही बेसची चाल कळते ती त्यामुळेच. जो सूर कान फुकट तयार करतो, त्यासाठी स्पीकर फाडू नये.

ज्यांना वॅटची भाषा आवडते त्यांच्यासाठी एक आकडा: सपाट कापून पूर्ण चौकोनी झालेल्या लाटेत तेवढ्याच उंचीच्या शुद्ध लाटेच्या दुप्पट शक्ती असते. म्हणून फाटत्या आवाजात तासभर वाजवलेल्या स्पीकरची कॉइल तापते, आणि नको असलेला आवाज मग खऱ्या बिघाडात बदलतो. ओहमचा हिशोबही तिथेच आहे. आठ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या की चार होतात, चारच्या दोन जोडल्या की दोन, आणि दोन ओहम पुष्कळ ॲम्पना पेलत नाहीत. गिटारची बारीक केबल स्पीकरला लावणारेही भेटतात. त्यांच्यासाठी अर्धे पान आहे. त्याहून जास्त देणे मला योग्य वाटले नाही.

खोलीचे प्रकरण वाचक गाळतील अशी भीती आहे, म्हणून इथेच गळ घालतो. दहा फूट लांबीच्या खोलीची पहिली घुमण्याची कंपनसंख्या सुमारे ५६ हर्ट्झ येते, म्हणजे मोकळ्या ए तारेला अगदी खेटून. बारा फुटांची खोली ४७ च्या आसपास घुमते. आपल्याकडच्या बहुतेक खोल्या याच मापाच्या. तेवढाच सूर अंगावर येतो, आणि तेवढ्याच सुराला खोलीतले काहीतरी कापते. एका बेसवाल्याच्या घरी मी दोन संध्याकाळी त्याची पेटी उघडून डस्ट कॅप, गास्केट, जाळी, हँडलचे स्क्रू, सगळे तपासले. झणझण ए वरच व्हायची. तिसऱ्या संध्याकाळी त्याच्या आईने स्वयंपाकघरातून विचारले, “अरे, ते तुमचं सुरू झालं की मांडणीवरची ताटं का वाजतात रे?” एकाच सुरावर येणारी कुरकुर असेल तर ॲम्प उघडण्याआधी घरात हिंडून यावे. मंचावर हीच भूमिका ड्रमवाल्याच्या स्नेअरखालच्या तारा बजावतात. आणि आपल्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या जी ला, म्हणजे ४९ ला, इतका चिकटून असतो की तो सूर धरला की दोन्ही मिळून डुलू लागतात. तेही फाटणे नव्हे. तिथे अर्थिंग पाहायचे.

एक ताकीद मात्र हसतखेळत देता येत नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये ४०० ते ७०० व्होल्ट असतात, आणि प्लग काढून ठेवल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ साठून राहतात. माणूस मरायला ते पुरेसे आहेत. या पुस्तकातली एकही चाचणी ॲम्पचे झाकण उघडायला सांगत नाही. झाकणाआतले काम त्या कामात मुरलेल्या माणसाचे. तसेच व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करू नये. त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो ट्रान्सफॉर्मर अनेकदा अख्ख्या दुरुस्तीपेक्षा महाग असतो.

हे पुस्तक वाजवणाऱ्यांसाठी आहे, मांडवातल्या आणि सभागृहांतल्या साउंडवाल्यांसाठी आहे, आणि ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येते पण बेस वाजवता येत नाही अशा दुरुस्तीवाल्यांसाठी तर मुद्दाम आहे. या शेवटच्या मंडळींना विनंती: चार सूर तरी वाजवायला शिका, कारण गिऱ्हाईक गेल्यावर दोष पुन्हा उभा करणे तुमच्याच हातात असते. गणिताची भीती बाळगू नये. बेरीज, गुणाकार आणि थोडे डेसिबल यांपलीकडे आपण गेलेलो नाही. शब्दही बाजारातलेच ठेवले आहेत. फाटणे, खरखर, फडफड, घासणे, झणझण, गुणगुण, कडकड: प्रत्येकाला पहिल्या प्रकरणात एकेक ठरावीक अर्थ दिला आहे आणि पुढे तो कटाक्षाने पाळला आहे. फोनवरून निदान सांगण्याची वेळ आली की याचा उपयोग कळेल.

पहिल्या प्रकरणाला बसताना जवळ एवढे ठेवावे: एक न वापरलेली नऊ व्होल्टची बॅटरी, खात्रीची एक केबल, सेंड-रिटर्न जोडायला एक वीतभर केबल, आणि कागद-पेन्सिल. ॲम्पवरची सगळी बटणे मध्यावर आणा, पेडले काढून टाका, मास्टर तळाशी ठेवा. मग मास्टर हळूहळू वर घ्या, जाड तार मोकळी छेडा, ती पूर्ण विझेपर्यंत हात लावू नका, आणि काय ऐकू आले ते ‘फाटणे’ हा शब्द न वापरता लिहून काढा.